पालापासून पटापर्यंत

शाळेचा अभिमान मिरवायला सातारा-सांगलीइतकी ऐसपैस जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जोतीरावांचं मूळ गाव खटावातलं कटगुण. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरात पडलं. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कऱ्हाडजवळच्या काले गावात. खानापूर, तासगाव, वाळवा हे आज सांगलीत असलेले तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यातच होते, म्हणजे हा वारसा दोन्ही जिल्ह्यांचा. शाळेत वर्षभर या तारखा येतात. हार, नारळ, भाषण, खाऊ.

त्याच गावांच्या शिवेला, ओढ्यापलीकडं नाहीतर गायरानात, फासेपारध्यांची पालं असतात. तिथली पोरं खाऊच्या दिवशी येतात, एरवी दिसत नाहीत.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. नोकरीची सुरुवात साताऱ्याच्या पूर्वभागात, माण-खटावकडं झाली. पुढं आंतरजिल्हा बदलीनं सांगली जिल्ह्यात आले. दोन्हीकडं कमी पावसाचा मुलूख, दोन्हीकडं माळ आणि कुसळं, आणि दोन्हीकडं शाळेच्या हद्दीत एक पारधी वस्ती. आता निवृत्त आहे, तरी नव्या शिक्षकांचे फोन येतात, ‘बाई, वस्तीवरची पोरं येईनात, काय करू?’ त्यांना जे सांगते ते इथं लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ‘त्यांना शाळेची आवडच नाही’ हे वाक्य मी गावात, केंद्रावर, तालुक्याच्या बैठकीत पुष्कळ ऐकलं. वस्तीवर कधी ऐकलं नाही. पोराला वर्गात बसवणं फार कठीण नसतं. त्याच्या घराला गावानं बसू देणं कठीण असतं, आणि शाळेची सगळी अडचण तिथून सुरू होते.

१. पहिल्या फेरीला वही-पेन काढू नका

वस्तीवर येऊन नावं विचारणारा आणि लिहून घेणारा माणूस बहुतकरून पोलीस असतो. तुम्ही सर्वेक्षणाचा तक्ता काढलात की बाया खोटी नावं सांगतात, पोरं पालामागं पळतात आणि पुरुष तर तुम्ही यायच्या आधीच शिवारात गेलेले असतात. यात लबाडी नाही, पिढ्यांची शिकवण आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ मध्ये तो देशभर लावला. त्यात ज्या जमाती आल्या त्यांचं पोर जन्मतःच संशयित ठरलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. आपल्याकडं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो जमातीला नाही, माणसाला लागतो. ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यात एवढा फरक उतरायला किती पिढ्या लागतील ते सांगता येत नाही.

तेव्हा पहिल्यांदा रिकाम्या हातानं जावं. कोरा चहा मिळेल तो घ्यावा, खाली बसावं. कुठलं पोर आजारी आहे ते विचारावं. मी आधी कुठल्या गावात होते, माझी मुलं काय करतात, हे त्या बाया मला विचारायच्या. माझी चौकशी पुरी झाल्यावर त्यांची नावं आपोआप कळायची.

२. गावात चोरी झाली की पट तपासा

हा धडा मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी दिला नव्हता. गावात एखाद्याचं बोकड गेलं, मोटर गेली, देवळातली घंटा गेली की दुसऱ्या दिवशी वर्गातला एक कोपरा रिकामा. रात्री गाडी आलेली असते, एकदोघांना उचललेलं असतं, आणि बाकीची पालं पहाटेच्या आत दुसऱ्या तालुक्यात गेलेली असतात. चोर पुढं कुणीही निघो, पोराची चाचणी बुडालेली असते. सलग गैरहजेरी म्हणून त्याच्यावर शेरा पडतो, आणि तो शेरा वाचणाऱ्याला बोकडाची गोष्ट माहीत नसते.

यातली गंमत बघा. याच पारध्यांना लोक द्राक्षबागेच्या, उसाच्या राखणीला ठेवतात. पारधी राखणीला असला की बागेत कुणी शिरत नाही म्हणतात. मग त्याच बागायतदाराच्या घरी काही हरवलं की पहिलं बोट त्याच राखणदाराच्या पालाकडं.

वर्गातही हेच चालतं, फक्त लहान मापात. एकदा चौथीत एका मुलीचा कंपासबॉक्स सापडेना. मी अजून ‘कुणी पाहिला का’ एवढंच विचारलं होतं. मागच्या बाकावरचा पारध्याचा पोरगा उठला, पुढं आला आणि कुणी काही म्हणायच्या आत आपलं दप्तर माझ्या टेबलावर उलटं केलं. एक पाटी, कोपरे झिजलेलं बालभारतीचं पुस्तक, एक अर्धी भाकरी आणि पक्ष्याची काही पिसं. वर्ग गप्प. कंपासबॉक्स त्या मुलीच्या घरी राहिला होता. पण नऊ वर्षांच्या पोरानं झडतीची वाट न बघता झडती द्यावी, हे तो वर्गाबाहेर कुठंतरी बघून आलेला होता. त्यानंतर माझ्या वर्गात एक नियम झाला. काहीही हरवलं तरी कुणाचं दप्तर तपासायचं नाही. हरवलेली वस्तू शाळेच्या पेटीतून भरून द्यायची, चौकशी बंद. सहकाऱ्यांना तो भाबडेपणा वाटला. मला आजही तो नियम पोषण आहाराइतका गरजेचा वाटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, आणि सगळ्या वर्गासमोर एकाच पोराकडं वळणाऱ्या नजरा मी त्यातच धरते.

३. वस्तीचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

नियमाप्रमाणं वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी, आणि ती बहुतेक ठिकाणी असते. मधे ओढा असतो, कुत्री असतात, आणि एखादा असा वाडा असतो की त्याच्या दारावरून पारध्याची पोरं एकटी जाऊ शकत नाहीत. मोठ्या माणसाबरोबर जातात, नाहीतर लांबून वळसा घालतात.

आणि वस्ती तरी तिथं किती दिवस? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दलचा निकाल आला, २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानं मोकळी करायला सांगितलं आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. गायरान मोकळं असावं हे खरंच. धनदांडग्यांनी ते किती गिळलं हेही आम्ही पाहिलं आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन कुठल्याच गावात नाही त्यानं पाल ठोकायचं कुठं, याचं उत्तर नोटिशीत नसतं. नोटीस भिंतीवर डकवायला त्यांच्याकडं भिंतही नव्हती. शिपायानं ती बाभळीला टाचली. त्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीच्या शाळेचा पट एकदम खाली आला, आणि वर विचारणा झाली ती शिक्षिकेला.

४. आई सांगेल तेच नाव, ती म्हणेल तसंच लिहा

पारध्यांची नावं पुष्कळदा जन्माच्या वेळी काय दिसलं, काय घडलं त्यावरून पडतात. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट पाहिलेल्यांना हे नवं नाही. शाळेत आलं की आपण ते नाव ‘सुधारतो’. पिस्तुल्याचा प्रकाश होतो. आधारवर तिसरंच काहीतरी पडलेलं असतं. पुढं दहावीच्या फॉर्मला ही तीन पोरं तीन दिशांना उभी राहतात आणि त्यांतलं खरं कोण हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे.

जन्मतारखेचंही तसंच. महाराष्ट्रात १ जूनला जेवढी माणसं कागदोपत्री जन्मली आहेत तेवढी दुसऱ्या कुठल्या तारखेला जन्मली नसतील. ती सगळी आम्हा मास्तरांची कृपा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १४ व्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे. तरी ‘जन्मदाखला घेऊन या’ म्हणून परत पाठवलेली बाई मी पाहिली आहे. ती पुन्हा आली नाही. तिनं पोर जन्माला घातलं ते वाटेवर, दवाखान्यात नव्हे. दाखला कुठून आणणार?

आडनावाची आणखी एक गंमत. पारध्यांत पवार, काळे, शिंदे, चव्हाण, भोसले अशी आडनावं आहेत. छत्रपतींच्या गादीच्या साताऱ्यात भोसले आडनावाचा माणूस कचेरीत जाऊन ‘मी अनुसूचित जमातीचा’ म्हणाला की समोरचा आधी हसतो, मग कागद मागतो.

५. जातीचा दाखला पहिलीतच सुरू करा

सगळ्यात जास्त पोरं मी इथं गळताना पाहिली, तीही हुशार, दहावी-बारावीपर्यंत रेटून आलेली. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी ही अनुसूचित जमात आहे. दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून घराणं इथलं आणि या जमातीचं आहे, हे वडिलांकडच्या नात्यातल्या कागदानं दाखवावं लागतं. सगळ्यात भक्कम कागद कुठला? आज्या-पणज्याचा शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे ज्या जमातीला शाळेनं दारात उभं केलं नाही, तिच्या नातवानं आजोबा शाळेत होते हे दाखवायचं. दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. पण कोतवाल नोंद करायचा ती गावातल्या घरांची. माळावरच्या पालात कोण जन्मलं, कोण मेलं, हे लिहायला तो कशाला जाईल? आणि नोंद असलीच तर ती मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हा कचेऱ्यांतली मोडी दप्तरं उपसली गेली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. त्याच रुमालांत एखाद्या पारध्याची ओळही असेल. ती शोधायला कुणाला बोलावणं गेल्याचं मी ऐकलं नाही.

एका मुलीसाठी आम्ही असे कागद शोधत होतो. शाळेत काही नाही, चावडीत काही नाही. सातबाऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. तिचा चुलत आजा म्हणाला, ‘बाई, आमची नावं शाळेत न्हाईत, पर पोलिसांकडं हायेत की.’ हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. एका जुन्या नोंदीत तिच्या पणज्याचं नाव, जमात आणि गाव, तिन्ही सापडलं. ज्या वहीनं त्या घराला गावोगाव हिंडवलं तिच्या नकलेवर सही-शिक्का घेऊन ती मुलगी शिकायला गेली.

पुढं पडताळणी. इतर मागास किंवा भटक्या-विमुक्तांच्या दाखल्याची समिती जिल्ह्यात असते. अनुसूचित जमातीचं काम सातारा-सांगलीकरांसाठी पुण्याला. आदिवासी विकासाचा आमचा प्रकल्प आंबेगाव तालुक्यात घोडेगावला. जतच्या माळावरून घोडेगाव म्हणजे तीनशे किलोमीटरच्या घरात, आणि मजुरी बुडते ती वेगळी. याचं कारण सरळ आहे. या दोन जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र नाही, आदिवासी लोकसंख्या शेकडा एकाच्या आसपास. आदिवासी म्हटलं की सरकारच्या डोळ्यापुढं सह्याद्रीच्या नाहीतर सातपुड्याच्या रांगा येतात. माणदेशाच्या उघड्या माळावर, आडनाव भोसले आणि बोली घरात वेगळी, असा आदिवासी कुणाच्या नकाशात बसत नाही.

पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येतं. देव कुठला, लग्न कसं लागतं, मयत कशी करतात, असं विचारतं. शिकलेल्या पोराला हे नीट सांगता येत नाही, कारण शिकायला म्हणून तो लहानपणीच घराबाहेर पडलेला असतो. त्या प्रश्नांना म्हातारीला पुढं करावं, असं मी सांगायचे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असे सांस्कृतिक प्रश्न ही काही अंतिम कसोटी नव्हे, जुन्या कागदाचं वजन मोठं. ठीक आहे. पण जुना कागद कुठल्या घरात असतो ते वर आलंच आहे.

म्हणून पोर पहिलीत आलं त्याच वर्षी फाईल उघडा. आजोबा जिवंत असेपर्यंत त्यांच्याकडून गावांची नावं काढून घ्या. कुठल्या जत्रेला कुठं पाल पडायचं, लग्न कुठं झालं, कुणाला कुठं मूठमाती दिली. कागद शोधायचे तर आधी गाव कळावं लागतं. म्हातारा गेला की सगळं दप्तर गेलं.

६. मराठी येते म्हणून फसू नका

वस्तीवरचं पोर तुमच्याशी मराठी बोलतं, म्हणून आपल्याला वाटतं त्याची भाषा मराठीच. घरात ती गुजरातीच्या जवळची बोली असते. त्याला येणारी मराठी बाजारातली: किती, कधी, नको, आम्ही नाही केलं. गोष्ट सांगायची, शंका विचारायची मराठी त्याच्याकडं अजून आलेली नसते.

फलटणची बोली जातीजातीप्रमाणं कशी बदलते, यावर मॅक्सिन बर्नसन यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला आणि मग फलटणलाच राहून त्यांनी मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. त्यांचं काम आपल्याच जिल्ह्यातलं, पण आमच्या कित्येक शिक्षकांना ते माहीतही नाही.

माझ्याकडं एक मुलगा होता, फळ्यासमोर वीसच्या पुढं मोजायचा नाही. त्याच्या पालावर गेले तर हा आजोबांशेजारी बसून फाशांच्या खुंट्या जोडीजोडीनं मोजून बाजूला ठेवत होता, झपाझप, एकही चुकत नव्हता. आता तिथं शिकार होत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती गुन्हाच आहे. पण आजोबा फासा टाकून देत नव्हते, आणि पोराचं गणित त्या फाशात होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात काड्यांच्या जोड्या आणल्या. फार मोठा चमत्कार झाला नाही. बे दुणे चार मात्र त्याला त्या आठवड्यात आलं.

७. थोरलीबरोबर धाकटंही येऊ द्या

कडेवरचं पोर खाली ठेवायला जागा नसली की थोरली शाळेत येत नाही. अंगणवाडी वस्तीपासून लांब असते. धाकट्याला वर्गात बसू द्या. रडेल, पाटी चाटेल, साहेब आले तर बोलतील. बोलू द्या.

राज्यात १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता आहे, दिवसाला एक रुपया. एवढ्यात आज पेन्सिलही येत नाही. त्या रुपयाच्या नोंदी ठेवायला शिक्षकाचा जो वेळ जातो, त्यात एक मुलगी वाचायला शिकेल.

८. हंगाम ओळखून मोजदाद करा

४ जुलै २०१५ ला राज्यात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. मोजलेल्या पोरांच्या बोटाला शाई लावत आम्हीही फिरलो. पण एका दिवसात मोजून व्हायला ही मुलं एका जागी बसलेली नसतात. दिवाळीनंतर वीटभट्टी आणि ऊस, फेब्रुवारी-मार्चला तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडं बेदाण्याची शेड. तिथं काड्या वेचायला, बेदाणा निवडायला लहान हात चालतात. उन्हं चढली की पुन्हा माळ.

पुढं ‘मिशन झीरो ड्रॉपआऊट’ आलं, स्थलांतर करणाऱ्या पोराला शिक्षण हमी कार्ड द्यायचं ठरलं. कल्पना चांगली आहे. कार्ड दाखवलं की कुठल्याही शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. पण कार्ड बघून बसवणारा समोर माणूस लागतो. माझा उपाय साधा होता. बेदाण्याच्या पट्ट्यातल्या शिक्षकांचे मोबाईल नंबर वहीत ठेवायचे, पोरं निघाली की त्यांना फोन करायचा: ‘आमची येत आहेत, अमक्या शेडवर असतील, बघून घ्या.’ निम्म्या वेळा उपयोग व्हायचा.

९. आश्रमशाळेत पाठवण्याची घाई करू नका

अधिकाऱ्यांना हा सगळ्यात सोपा उपाय वाटतो. पोर उचला, वसतिगृहात ठेवा. काही पोरं तिथंच तरली हेही खरं. तुळजापूरजवळ यमगरवाडीला, अमरावतीकडं मतीन भोसले यांच्या ‘प्रश्नचिन्ह’ शाळेत पारध्यांची मुलं शिकली. मतीन भोसले स्वतः त्याच समाजातले. तरी वस्तीवरची बाई पोर द्यायला कचरते, तेव्हा तिला अडाणी म्हणू नये. गुन्हेगार जमाती कायद्याच्या १९२४ च्या रूपात सहा वर्षांवरचं पोर आईबापांपासून तोडून सुधारशाळेत टाकायचा अधिकार सरकारला होता. तो कायदा त्या बाईनं वाचलेला नाही. पण सरकारी माणूस पोर न्यायला आला की काय होतं, याच्या गोष्टी ती आजीकडून ऐकत आली आहे.

भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. मला आश्रमशाळांबद्दल तक्रार एवढीच, की पारध्यांची मुलं पारध्यांबरोबरच शिकली तर गावातल्या पोरांना त्यांच्या शेजारी बसायची सवय लागत नाही. मग पुढं पोलीस, तलाठी, ग्रामसेवक होतात ती हीच गावातली पोरं.

१०. व्यवस्थापन समितीवर त्यांची एक आई घ्या

कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीतले तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. बहुतेक गावांत ही निवड पुढाऱ्याच्या ओट्यावर होते. माझ्या शेवटच्या शाळेत आम्ही पारधी वस्तीवरची एक आई घेतली. गावातून थोडी कुरबुर झाली. सुरुवातीला ती दाराशी, चपलांजवळ बसायची, बोलायची नाही, अंगठा उठवून जायची. मग एका बैठकीत रंगरंगोटीच्या पैशांवर चर्चा चालली होती, कुठल्या भिंतीवर कुठला सुविचार, पाढे कुठं, नकाशा कुठं. ती म्हणाली, ‘रंग मागनं द्या. वड्यावर फरशी टाका. पाऊस लागला की आमची पोरं अलीकडं येत न्हाईत, अन् तुमी म्हणता पारध्याला शाळा नको.’

ग्रामसेवक म्हणाले, हा विषय शाळेच्या समितीचा नाही, बांधकामाचा आहे. ती म्हणाली, ‘मग बांधकामवाल्याला बोलवा. मी बसते हितं.’

ठराव झाला. गेला वरती, आणि मी निवृत्त होईपर्यंत अंदाजपत्रकाच्या कुठल्याशा टेबलावर होता. तिचा मोठा मुलगा आता अकरावीला आहे. त्यानं परवा फोन करून विचारलं की फरशीचं काय झालं याची माहिती मागायची तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा. मी सांगितलं, जनमाहिती अधिकारी म्हणून लिही, खाली कार्यालयाचं नाव टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लाव. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड जोडलंस तर तेवढेही लागत नाहीत. आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.